तिसरं खोटं

“तोंड बांध गं पोरे, पाचट कापतंय.”

वीस वर्षांपूर्वीचा मायचा आवाज मंगलच्या कानात अजून तसाच होता. उसाचा फड, मायच्या तोंडावर घट्ट गुंडाळलेलं फडकं, आणि त्यातून गाळून आलेले तेवढेच शब्द. म्हणून कादंबरीतली नायिका ऊस तोडता तोडता ओव्या गायला लागली, तेव्हा मंगलने समासात लाल पेनाने लिहिलं होतं, ‘खोटं.’

दुपारचा एक वाजला होता. धारूरच्या घाटाखालच्या त्या गावात ओसरीवर बायनाबाई दगडानं चिंचा फोडत बसली होती आणि तिची लेक मंगल समोर पुस्तक उघडून. चार वाजता अंबाजोगाईच्या एका वाचनालयात याच कादंबरीवर कार्यक्रम होता. लेखिका पुण्याहून येणार होत्या. मंगल शाळेत शिकवायची, मिळेल ते पुस्तक वाचायची. ऊसतोड्यांच्या घरातली वाचक म्हणून तिला बोलायला बोलावलं होतं.

वाचनालयाच्या रामहरी सरांचा सकाळीच फोन आला होता. “ताई, पाहुण्या लांबून येतायत. दोन चांगले शब्द बोला.”

“म्हणे चांगले शब्द!” मंगलची धुसफूस अजून चालूच होती. “ऐक माय, यातली बाई फडात काय गाती ते.”

‘हिरव्या उसाला बाई, सोन्याचं गं कांडं,
माझ्या संसाराचं, दुधानं भरलं भांडं.’

बायनाबाईचा दगड थांबला. मग पदर तोंडाला लावून ती हसत सुटली. “उसात गानं? आन घशात उसाची कूस गेली म्हंजे? ये म्हनावं एक डाव. मोळी दिते डोक्यावर, मंग गा म्हनावं.”

“हेच बोलणार मी. सगळ्यांच्या देखत.”

“बोल की. भेती काय कुनाला?”

मंगलने पान उलटलं. “हे दुसरं खोटं. टोळीत पाण्याचा एकच हंडा. साऱ्या जातीच्या बाया त्यातूनच पितात, एकमेकींचे डोळे पुसतात. माय, आपल्या टोळीत सरस्वतीबाईची पाचटाची कोपी कुठं होती?”

चिंचोका टोपलीत पडला. “कडंला.”

“कावून?”

“तुला म्हाईत न्हाई का कावून?”

“माहितीय. ती ओंजळ धरायची आणि तू वरून पाणी ओतायचीस. हंड्याला शिवू द्यायची नाहीस. मी बघायचे ना. ते कुठं हाय यात? गरीब दिसला की लिहिणाऱ्यांना वाटतं देवच भेटला. गरिबाला जात नसते का?”

 बायनाबाईचा दगड जोरात पडला, चिंच चेपली.

“आणि तिसऱ्याचा तर संतापच येतो.” मंगलचा आवाज चढला. “हिला तीन लेकरं. मुकादम म्हणतो, पाळीच्या दिवसांत तुझे खाडे पडतात. तर ही उठते, आपल्या पायानं दवाखान्यात जाते आणि गर्भपिशवी काढून येते! नवऱ्याला विचारत नाही, सासूला सांगत नाही. नंतर शंभर पानं नुसती रडते. आपल्या बाया काय बैल हायत का, चुचकारलं की चालायला? एवढ्या मुक्या असतात?”

तिने पेनाचं टोपण काढलं. समासात ‘खो’ उमटला.

“ऱ्हाऊ दी,” बायनाबाई म्हणाली.

“काय राहू दे?”

“ते खोटं न्हाई.”

मंगलने वर पाहिलं.

“तू चवथीत व्हतीस. तुला सांगितलं व्हतं, अपेंडिस काढलं म्हनून.” बायनाबाई चिंचेचं टरफल सोलत राहिली. “मीच गेलते. मपल्या पायानं. तुझ्या बापालाबी आल्यावर कळलं. पन शंभर पानं कुठून रडाया? नवव्या दिशी मोळी उचलली. रडाया येळ दिला कुनी? राग आलता. लई राग. मुकादमाचा, डाक्टरचा, मपला सोताचा. त्यो लिव्ह म्हनावं त्या बाईला.”

खाली घाटात एसटीचा हॉर्न वाजला. अंबाजोगाईची गाडी. दोघींपैकी कुणीही उठलं नाही.

“माय,” मंगल कशीबशी म्हणाली, “एवढ्या वर्षांत मला एका शब्दानं...”

“आजून हाय.”

बायनाबाईने दगड खाली ठेवला.

“दवाखान्यातून आनून कोपीत टाकली मला. सकाळी टोळी समदी फडात. तूबी बापामागं गेलतीस. घशाला कोरड पडली. हंडा हाताच्या अंतरावर, पन उठाया येईना. सरस्वती तापानं मागं ऱ्हायलती. माझं कन्हनं ऐकून आली. आपल्या हंड्याला तिनं हात लावला न्हाई. कशी लावील? मागारी गेली, तिच्या हंड्यातलं पानी आनलं. मपलं डोकं मांडीवर घेतलं आन पाजलं. तीन दिस पाजलं. म्या प्याले.”

“मग?” मंगलने विचारलं.

“मंग काय. बरी झाले.”

बायनाबाई आपल्या चिकट तळहातांकडं बघत होती.

“आन पुन्यांदा तिला वरूनच पानी ओतलं.”