नाश्त्याचा सीन

पंचावन्न वर्षं पडद्यावर गाजलेल्या हेस्टरबाईंना आता वाक्यं आठवत नसत. हे कुणाला कळलं तर मालिका हातची जाणार! म्हणून नाश्त्याच्या सीनआधी त्यांनी वाक्य पेन्सिलीनं उकडलेल्या अंड्यावर गुपचूप लिहिलं. कॅमेरा सुरू होताच नवऱ्याचं काम करणाऱ्या क्लाइव्हनं त्याच अंड्यावर चमचा हाणला. वाक्याचा चुरा झाला. बाई टरफलाचे तुकडे जुळवू लागल्या. “कट! काय झालं, बाई?” दिग्दर्शक ओरडला. “हा हावरट माझं अंडं खातोय!” “अगं, माझं कच्चंच आहे,” क्लाइव्ह कुरकुरला. सगळे हसले. बाईंना वाटलं, सुटले! सेटवरचं सामान सांभाळणाऱ्या ग्लेनिसनं नवं अंडं आणलं. त्यावर वाक्य आधीच ठळक लिहिलेलं होतं. ती कुजबुजली, “मागच्या मालिकेपासून मीच गिरवते हो. तुमची पेन्सिल फार फिकी.” बाईंच्या कॉलरमधल्या माइकमुळे ते सगळ्यांनी ऐकलं. लाजेनं लालबुंद झालेल्या बाईंनी पाहिलं, तर कुणालाच आश्चर्य वाटलं नव्हतं.