तांबड्या शाईतला शेरा

ओल्या बाह्यांनिशी, ॲप्रनला पाठीमागे भलतीच गाठ मारलेला तो गृहस्थ रस्ता ओलांडून आला आणि निधी-कार्यालयाच्या दारातूनच म्हणाला, "बाई, मदतनिसाची ही जागा बंद होऊ देऊ नका."

"बसा," खुर्चीतल्या बाई म्हणाल्या. "आधी धाप ओसरू द्या."

तो बसला नाही. खिडकीतून समोरचा वृद्धाश्रम दिसत होता. गच्चीवरच्या चादरी उन्हात कोऱ्या पानांसारख्या उलगडत, मिटत होत्या.

बाईंनी टेबलावरचा अर्ज पुढे ओढला. अर्धांगवायू झालेल्या आजोबांसाठी दुसरा मदतनीस चालू ठेवावा, एवढीच विनंती. खाली तांबड्या शाईत शेरा : 'एक पुरेसा. दुसरी जागा उद्यापासून रद्द.'

"नियमात एकाचीच तरतूद आहे," बाई म्हणाल्या.

"मग नियमालाच सांगा आजोबांना उचलायला! पाठ धरली की मान कलंडते, मान सावरली की पाय घसरतात. आज सोबती उशिरा आला, तर न्हाणीघरात आजोबा नि मी दोघंही आडवे व्हायचे बाकी होतो."

"आजोबा घाबरले असतील."

"छे! हसत होते. म्हणाले, 'बाळा, आधी तू नीट उभा राहा, मग मला धर.'"

बाईंच्या ओठांच्या कडेला काहीतरी हलले. साबणाने भेगाळलेली बोटे अर्जावर फिरवत त्या कोरडेपणाने म्हणाल्या, "हुंदके नकोत. मुद्दे द्या."

तो चपापला. ते वाक्य ओळखीचे असावे तसा ओशाळून बोटांवर मोजू लागला.

"अंघोळ, शौच, कूस बदलणं. दिवसातून आठ वेळा दोन माणसं लागतातच. आणि चूक झाली, तर हाड आजोबांचं मोडेल, शेरा मारणाऱ्याचं नाही."

"हे लेखी का नाही आलं?"

"आलं होतं की. चांगली चार पानं." त्याची नजर जमिनीकडे वळली. "वाचली नाहीत कुणी."

"बरं. मग आता काय करावं म्हणता?"

"शेरा खोडावा. आजच. उद्या उशीर होईल."

बाईंनी एक खण उघडला, मग दुसरा. तिसऱ्यात कुठे तांबडे पेन सापडले. घड्याळात अकराला दहा कमी होते. त्या हसत उठल्या, पेन त्याच्या ओल्या हातात ठेवले, पाठीमागे जाऊन ती भलती गाठ एका झटक्यात सोडवली आणि ॲप्रन सराईतपणे स्वतःच्या कमरेला बांधला.

"बसा आपल्या खुर्चीत, साहेब. आपल्या कामांची आठवडाभराची अदलाबदल संपली," दाराशी पोचताना त्या म्हणाल्या. "अकराला आजोबांची कूस बदलायची असते, मला पळायला हवं. शेरा मात्र तुमचा आहे, तो तुम्हीच खोडा."