कड्यावरचा फोटो

मोनाकोत पाहुण्यांना राजवाडा आणि मत्स्यालय दाखवता दाखवता क्लोतिल्दचे केस पिकले होते. रोज शेकडो चेहरे पाहून ती विसरून जाई, पण समोर उभा असलेला हा माणूस तिच्या लक्षात राहिला होता. दोन वर्षांपूर्वी तो मधुचंद्राला आला होता आणि त्याची बायको कड्यावरून खाली समुद्रात पडली होती. "फोटोसाठी मागे सरकली आणि तोल गेला हो," असं तो पोलिसांना रडत रडत सांगत होता. तेव्हा क्लोतिल्दनेच त्याला धीर दिला होता.

आज तो नवी नवरी घेऊन आला होता. क्लोतिल्दला त्याने ओळखलंही नाही. राजवाड्यासमोर पहारा बदलत होता, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मादाम, हे पुरे आता. कड्याकडे चला ना. हिला तिथे फोटो काढायचाय."

तो आइस्क्रीम आणायला गेला, तशी क्लोतिल्दने त्या मुलीला बाजूला ओढलं.

"पोरी, माझं ऐक. कड्यावर जाऊ नकोस. याची पहिली बायको तिथूनच पडली. मला तर ते पडणं वाटतच नाही."

"मलाही नाही वाटत," मुलगी शांतपणे म्हणाली आणि तिने क्लोतिल्दच्या मुठीतून आपला हात अलगद सोडवून घेतला.



"ती माझी सावत्र बहीण होती, मादाम. त्याला अजून माहीत नाही. तुम्ही फक्त आम्हाला तिथे सोडा आणि परत फिरा."