बगिच्यातला सिमेंटचा हत्ती

पांढुर्ण्याचा बगिचा नवा करताना जुनी विहीर बुजवून तिच्यावर सिमेंटचा हत्ती उभारला. पोरं त्याच्या पोटातल्या जिन्यानं चढत, सोंडेवरून घसरत, आणि खाली येत ती ओलीचिंब.

"उत्तम, पोरांवर पाणी कायले टाकून राहिला रे?" जयवंताबाईंनी माळ्याला दरडावलं. नवी नवरी असल्यापासून त्यांनी याच विहिरीचं पाणी भरलं होतं.

"कुठचं पाणी, काकू? बहारासाठी संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडून ती ताणावर सोडली. नळ महिन्यापासून बंद आहे."

खोटारडा! बाईंनी पदरानं सोंड पुसून पाहिली. कोरडी, उन्हानं तापलेली.

त्या नातीला घरी न्यायला वळल्या. नात केव्हाच हत्तीच्या पोटात शिरली होती.

"आजी, मी येऊन राहिली!"

बाईंनी सोंडेखाली हात पसरले.

आतून आवाज आला, भरल्या विहिरीत बादली सुटल्यावर येतो तसा, खोलवरून.