दोन बोटांची फट

"ते दार ओढू नका!" सूनबाई ओरडली, पण तोवर सुताराने सिंकखालच्या कपाटाचं दार ओढलंच होतं. बिजागरी सुटली, दार त्याच्या हातात आलं आणि आतून दहा-बारा झुरळं त्याच्या पावलांवरून भिंतीकडे पळाली. मागोमाग तो वास आला. ओल्या फडक्याचा, कुजलेल्या प्लायचा आणि आणखी कशाकशाचा.

"शी! कुठल्या गाढवाने केलंय हे?" सुतार पाय झटकत म्हणाला.

"ते कळलं असतं तर त्याला इथेच पाट मांडून जेवायला बसवला असता," सासूबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत होत्या, उजवा पाय स्टुलावर, अंगठ्याला प्लास्टर. गेल्या महिन्यात वरच्या कपाटाचं दार निखळून थेट त्यांच्या पायावर आलं होतं.

ही कपाटं घराबरोबरच आली होती. आधीच्या मालकाने घर विकायच्या आधी घाईघाईत ठोकून घेतलेली. तेव्हा वरून अशी चकचकीत, की सूनबाई त्यांच्यावर भाळूनच घराला हो म्हणाली होती. आता आठ वर्षांनी त्यांच्याकडे बघवत नव्हतं. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये सगळीकडे दोन बोटांची फट. तिच्यात हात जात नाही, फडकं जात नाही, जातात फक्त झुरळं. उडालेलं तेल त्या फटीत साचून काळं, चिकट झालेलं, त्याला केस आणि पंख चिकटलेले. सूनबाई ताट घेण्याआधी धुवायची, घेतल्यावर पुन्हा धुवायची, आणि तरीही घास तोंडात फिरायचा.

सासूबाई चालायला लागायच्या आत स्वयंपाकघर नवं करायचं, असं तिने ठरवलं होतं. एवढा खर्च पुन्हा व्हायचा नव्हता. या वेळी माणूस चुकला, तर जन्मभर याच घाणीत रांधायचं. त्यामुळे ती माणूस पारखून घेत होती.

पहिल्याने आधीच्या सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्याने आधीच्याचा केला, आणि पहिला येऊन गेला हे कळल्यावर त्याचाही केला.

"यांना वाटतं, दुसऱ्यावर तोंडसुख घेतलं की आपलं काम आपोआप चांगलं होतं," ती वैतागून म्हणाली. "मला या लोकांचीच किळस यायला लागलीय, आई."

"मग न बोलणारा शोध," सासूबाई म्हणाल्या. "सापडला तर मलाही दाखव."

तिसरा सापडला. म्हातारा, कानावर पेन्सिल, चष्म्याच्या दांडीला दोरा. तो स्वयंपाकघराच्या दारातच थबकला. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग सरळ एका अडकलेल्या खणाशी गेला, खण जरा वर उचलला, खालून गुडघ्याने ढोसला, आणि खण उघडला.

"अहो! तीन वर्षं उघडला नव्हता तो!"

"सवय असते हाताला," तो म्हणाला.

खणात उंदराच्या लेंड्या होत्या, आणि लेंड्या करणाराही होता, वाळून चपटा झालेला. सूनबाईने पदर नाकाला लावला. "बघा, बघा! लाज वाटायला हवी करणाऱ्याला."

"वाटतही असेल, ताई." म्हाताऱ्याने खण हळूच लोटला. "मालकाने घाई केली असेल. माल हलका आणून दिला असेल. माणसाची काय अडचण असते, आपल्याला कुठे ठाऊक?"

"तुम्ही नाही शिव्या घालणार?" सासूबाईंनी मुद्दाम विचारलं.

"शिव्या घालून कपाट थोडंच सरळ होतं, आजी?"

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. सुनेचा जीव भांड्यात पडला होता. तिने तिथल्या तिथे काम त्याला देऊन टाकलं.

त्याने मापं घेतली, खिडकीखालच्या मोकळ्या भिंतीवर पेन्सिलीने आकडा लिहिला आणि शेजारी एक छोटा पोपट काढला. शेपटी वर, चोच उघडी.

"हे काय?"

"खूण, ताई. माझी मापं दुसऱ्या कुणाच्या मापांत मिसळू नयेत म्हणून. चाळीस वर्षं काढतोय."

सासूबाई महिन्याभरात पहिल्यांदा खळखळून हसल्या. "अगं, रंग देताना तेवढा पोपट ठेव हं!"

त्याने पोपटाखाली आणखी काहीतरी बारीक खरडलं. ते वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

"एकच आहे," जाताना तो म्हणाला. "जुनं काढायला मी हात लावत नाही. भंगारवाल्याकडून काढून घ्या, भिंतींना लगेच एक रंगाचा हात मारा, आणि मग मला बोलवा."

"किती नेटका माणूस!" तो गेल्यावर सूनबाई म्हणाली. "नाहीतर ते दोघे."

चार दिवसांनी सकाळीच त्याचा फोन आला. प्लाय कापून झालं होतं, दारं घडवायला घेतली होती. सूनबाईने खुशीत भंगारवाल्याला बोलावलं. त्याने पहार घालून पहिलंच मोठं कपाट भिंतीपासून उखडलं. भिंतीवरून झुरळांचा लोंढा खाली आला. ती पदर नाकाशी धरून मागे सरली, आणि झुरळं पांगल्यावर पुन्हा पुढे आली.

"काय गं? काय बघतेस?" सासूबाईंनी खुर्चीतून विचारलं.

काळ्या चिकटपणाखाली, पुसट पेन्सिलीत, शेपटी वर आणि चोच उघडी ठेवून एक पोपट बसला होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'भिंतीशी दोन बोटं सोडणे.'

ती सरळ खिडकीशी जाऊन वाकली आणि नव्या पोपटाखालची ओळ तिने पहिल्यांदाच वाचली, 'भिंतीशी दोन बोटं सोडणे.'