डावीकडचा डेझ्यो

"आज डेझ्योला खेळवू नका," एटेल्का म्हणाली आणि तिने सुपाची वाटी नवऱ्यापुढे ठेवली.

व्हेंडेलने चमचा उचलला. "फायनल आहे आज. मग डावी बाजू कोण सांभाळणार? तू?"

"चीर गेलीय त्याला. मागच्या रविवारी खिडकीशी उजेडात तुम्हीच पाहिलीत ना?"

"केसाएवढी आहे गं."

"वाढायला कितीसा वेळ लागतो? चाळिशी उलटली त्याची. त्याच्याबरोबरीचे आता पोरांना खांद्यावर बसवून मॅच बघायला जातात."

व्हेंडेल सूप पीत राहिला. बुडापेस्टच्या ट्रामवर जन्मभर तिकिटं फाडलेला माणूस. प्रवाशांशी भांडून भांडून त्याचा आवाज बसला होता, पण सुंभ जळला तरी पीळ कुठला जायला!

लढाई संपल्यावरच्या पहिल्याच मोसमात त्याने डेझ्योला डाव्या कडेला उतरवलं. त्यानंतर ती जागा दुसऱ्या कुणाची झाली नाही. डेझ्यो दिसायला साधाच, काळा, अंगाने बेताचा. पण कडेकडेने असा सरकायचा की समोरचा बॅक नुसता बघत राहायचा. गोलकीपरच्या डोक्यावरून बॉल टाकावा तर त्यानेच. मॅचच्या आधी व्हेंडेल स्वतः त्याला चोळून द्यायचा, ते काम दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही. डेझ्यो पंचाशी कधी वाद घालत नसे. वाद घालायला व्हेंडेल होताच.

मग शहरात पैसे घेऊन खेळायची पद्धत आली. चांगले चांगले खेळाडू इटलीला गेले, फ्रान्सला गेले. डेझ्यो बापाच्याच संघात राहिला. समोरचा संघ इग्नात्सचा. हा खालच्या मजल्यावरचा शेजारी, धंद्याने टोप्या शिवणारा. तो एकदा म्हणाला होता, "दोन हाफबॅक घे, वर पालिंका दारूची बाटली घे, आणि हा पोरगा मला दे." त्यावर व्हेंडेल नाताळपर्यंत त्याच्याशी बोलला नाही.

एटेल्का खेळ बघायला जात नसे. स्वयंपाकघरात आरडाओरडा ऐकू यायचा, तेवढा तिला पुरे होता. सुरुवातीच्या वर्षांत गोल झाला की तीही हातातलं काम सोडून उभी राहायची. पुढे तिला ते सोसेना. आपल्या हातचे कोबीचे गोळे डेझ्योने शेवटचे कधी खाल्ले, हे ती आठवायची नाही. त्याच्या लग्नाचा विषय तर घरात कुणीच काढत नसे. आता त्याने थांबावं, निवांत आपल्या जागी यावं, एवढंच तिला हवं होतं.

जेवणं उरकतात तोच इग्नात्स दारात उभा राहिला. "काय वहिनी, आज कप खाली नेतो बघा!"

"कप खुशाल न्या. पण तुमच्या त्या आडदांड बॅकला आवरा. मागच्या खेपेला त्याने डेझ्योला पार मैदानाबाहेर भिरकावलं."

इग्नात्सचा चेहरा उतरला. "व्हेंडेल, खरंच बसव रे त्याला. हवा तर माझ्यातला एक देतो तुला."

"बसवू?" व्हेंडेलने चमचा आपटला. "आणि मग? एकोणीस वर्षांचा असताना मोठ्या क्लबने बोलावलं होतं त्याला. त्याच आठवड्यात लढाईचं बोलावणं आलं. खेळायचं होतं त्याला, एटेल्का! स्टेशनवरसुद्धा दुसरं काही बोलला नाही. त्याला बस म्हणून मी सांगू?"

एटेल्काने टेबलावरचे पावाचे कण ओंजळीत गोळा केले.

"मी सांगते," ती म्हणाली. "आजचा शेवटचा. शब्द द्या मला."

व्हेंडेलने वाटी बाजूला सारली.

"शेवटचा," तो म्हणाला, आणि दोघे गेले.

ती भांडी घासायला बसली. पहिल्यांदा इग्नात्स ओरडला. थोड्या वेळाने व्हेंडेल ओरडला. इग्नात्सचा गोलकीपर चौकोनी, ढिम्म, त्याला चकवणं सोपं नव्हतं. मग पंचावरून भांडण झालं, ते नेहमीचंच. एटेल्काने तीच बशी पुन्हा पुन्हा पुसली. त्याला काही होऊ नये, कप गेला खड्ड्यात, असं ती पुटपुटत होती.

एकाएकी सगळं शांत झालं.

"गोल," इग्नात्सचा आवाज आला. "मानला बुवा. काय पोरगा आहे!"

व्हेंडेलचा आवाज आलाच नाही. एटेल्का उठून उभी राहिली.

तो दारात आला तेव्हा त्याचे डोळे वाहत होते. "जिंकलो. त्यानेच मारला." मग मूठ पुढे करून म्हणाला, "घे. तुझा तुला."

त्याने मूठ उघडली. डेझ्यो तळहातावर होता. चीर आरपार गेली होती, पण तो तुटला नव्हता.

आतल्या खोलीत इग्नात्स हिरव्या बनातीच्या टेबलावर फुटबॉलचे खेळाडू म्हणून मांडलेली बाकीची बटणं सिगारच्या डब्यात भरत होता. एटेल्काने कपाट उघडलं. आल्यावर घालीन असं सांगून त्यांचा एकुलता एक मुलगा डेझ्यो जो हिवाळी कोट घरी ठेवून लढाईवर गेला होता, आणि जो घालायला तो आलाच नाही, तो कोट तिने मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवला आणि गळ्यापाशी एवढी वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागी ते काळं बटण शिवून टाकलं.