जपून ठेवलेला मोबाइल

“डोकं हाय का खोकं? सकाळी वाचलेलं सांजंला आठवत न्हाई!” असं म्हणून उमादेवीनं काल लेकीचा मोबाइल बंद करून लपवला होता. आज परभणीची एसटी यायची वेळ झाली, रुद्राणीचं परीक्षेचं हॉलतिकीट त्याच मोबाइलमध्ये, आणि तो कुठं ठेवलाय ते उमादेवीला काही केल्या आठवेना. ज्वारीची कोठी उपसून झाली, गोधड्या झटकून झाल्या. “ठेवताना काय करायलतीस, ते तरी आठव,” रुद्राणी रडकुंडीला आली. “दुसऱ्या हातात माझा मोबाइल होता की. त्यात एक बाई दुधीहलवा करायलती. आधी तूप, मग कीस, दूध आटलं की साखर...” वेलदोड्यापर्यंत सगळं उमादेवीनं घडाघडा सांगितलं; लेकीचा मोबाइल कुठं ठेवला, तेवढंच आठवेना. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. रुद्राणीनं आईच्या केसांतला ज्वारीचा कोंडा झटकला. “पुस्तक उघडलं की मला बी असंच व्हायलंय, आई.”